दाराच्या आतल्या चपला

परवा संध्याकाळी कुकरचं झाकण काढलं आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगांची वाफ तोंडावर आली. मीठ, हिरवेपणा आणि त्याखाली थोडी माती, असा तो वास. नेमकं तेव्हाच बाहेरच्या खोलीत देवरावकाका फोनवर कुणाला तरी सांगत होते, "हो जी, अधिवेशन लागलं. ताई आता रोज नागपूरले." झाकण माझ्या हातात तसंच राहिलं. या घरात हिवाळा असाच येतो, शेंगा आणि अधिवेशन बरोबर घेऊन. आणि दरवर्षी माझी नजर पहिल्यांदा अंगणात जाते. तिथे ठेवलेल्या चपलांवर.

मी मूळची वर्ध्याची नाही. आमचं गाव संगमेश्वराकडे, खाडीच्या काठाला. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढची शाळा खाडीपलीकडे होती आणि घरात धाकटी भावंडं होती, एवढंच कारण. त्यात रडण्यासारखं काही नाही. लग्नानंतर यांच्या मावसभावाने यांना वर्ध्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून लावून दिलं आणि आम्ही एक ट्रंक घेऊन इकडे आलो. आलो तेव्हा असेच दिवस होते. रस्त्याने कापसाच्या गाड्या चालल्या होत्या आणि कडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकले होते. मला वाटलं, इकडे बाभळीला कापूस लागतो. हे हसले. संध्याकाळी कामावरून आले तेव्हा यांच्या भुवयांनासुद्धा कापूस होता. त्या दिवशी मी हसले.

स्वयंपाकाचं काम मला घरमालकिणीने मिळवून दिलं. "आमदार ताईच्या घरी बाई पाह्यजे. तुले भाकर येते ना?" मला तांदळाची भाकरी येत होती. ज्वारीची मी ताईंच्या घरी शिकले. तिथेच कळलं की कोथिंबिरीला इथे सांभार म्हणतात, आणि हिवाळ्यात तिच्या गड्ड्याच्या गड्ड्या निवडून, सारण करून पारीत गुंडाळून तळायच्या असतात. ताई पहिल्यांदाच निवडून आल्या होत्या. बोरगाव मेघेच्या टोकाला त्यांचं साधंच घर आहे. थोड्या दिवसांनी त्यांनी स्वयंपाकघरामागची खोली आम्हाला राहायला दिली. "रोज येजा काऊन करता? इथंच राहा," म्हणाल्या. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले. ती सवय त्यांची आजही तशीच आहे, आणि वाकायची माझीही.

चपलांचं असं की, ताई सकाळी अंगणात लोकांना भेटायच्या. बहुतेक लोक एकाच कामासाठी यायचे. कुणाच्या सासऱ्याला मोठ्या दवाखान्यात खाट पाहिजे, कुणाच्या पोरीचं ऑपरेशन पुढे पुढे ढकललं जातंय, कुणाला पत्र पाहिजे, कुणाला नुसता एक फोन. प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्ट, एक्स-रेचा मोठा पिवळा लिफाफा, आणि चेहऱ्यावर चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखा भाव. गर्दीत भांडणं नकोत म्हणून लोकांनीच एक रीत पाडली होती. येईल त्याने आपल्या चपला फाटकापासून पायरीपर्यंत ओळीत ठेवायच्या आणि स्वतः भिंतीच्या कडेला उन्हात बसायचं. माणूस चहाला गेला तरी चपला त्याची जागा राखायच्या. मी सकाळी अंगण झाडायला बाहेर यायची तेव्हा दवाने ओल्या झालेल्या फरशीवर त्या चपला बसलेल्या असायच्या. खराटा त्यांच्या कडेकडेने फिरवायचा. एकही हलू द्यायची नाही. हलली तर कुणाचा तरी माणूस मागे जायचा.

पुढच्या चपला नेहमी जवळच्यांच्या. बोरगाव, वर्धा, सेवाग्रामकडच्या. लांबच्यांच्या मागे, फाटकाशी. पुलगावचे लोक गाडीने येत, ते मध्ये कुठेतरी. गिरडहून येणारी पंचफुलाबाई पहिल्या बसने निघायची, तरी तिच्या चपला शेवटी. लगेच ओळखू यायच्या. एक पट्टा तुटलेला होता आणि निळ्या दोऱ्याने शिवलेला, एकसारख्या टाक्यांचा, जसा सदऱ्याचा खांदा शिवतात तसा.

"माह्या मास्तरानं शिवून देल्ला," तिने मला सांगितलं होतं. तिचा नवरा शिंपीकाम करायचा. गावात सगळे त्याला टेलर मास्तर म्हणायचे, म्हणून तीही मास्तरच म्हणायची. "मशीनवर बसू शकत नाई आता. पाय सुजते. पण सुई हातात धरली का हात थरथरत नाई त्याचा." मास्तरांच्या किडन्या गेल्या होत्या. डॉक्टरांनी डायलिसिस सांगितलं होतं. दवाखान्यात मशीनं थोडी आणि माणसं फार. नंबर लावला होता. तो पुढे सरकावा म्हणून ती ताईंच्या फोनसाठी येत होती.

मी चहा न्यायची तेव्हा ती कप आधी शेजारच्याला द्यायची. मला म्हणायची, "तुमच्या कोकणात म्हणते रोज मासोळी खाते. अन् तू इथं आमच्या वांग्यात येऊन फसली."

"वांगी आवडतात मला."

"खोटं नको बोलू वो बाई. पायतो मी तुया चेहरा."

बाई असून ती सहज 'पायतो मी' म्हणून जायची आणि मला हसू यायचं. तिच्या हसण्यात समोरचा दात नव्हता. आपण आजाऱ्याच्या कामाने आलोय हे ती आल्या आल्या विसरायची, किंवा आम्हाला विसरायला लावायची. पण आत जाताना पदर डोक्यावर घ्यायची, पाठ वाकवायची, आणि तिचा आवाज एकदम लहान होऊन जायचा. दारापलीकडे तिची एक वेगळीच बाई होत असे. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. "ताई, गरीब माणूस हावो जी. तुमीच मायबाप." ताई म्हणायच्या, "मायबाप नका म्हणू, बाई." ती पुन्हा तेच म्हणायची. तिला कुणीतरी सांगून ठेवलं असावं की असंच म्हणायचं असतं.

त्याच हिवाळ्यात आमच्या यांचे पाय सुजले.

आधी वाटलं जिनिंगमध्ये दिवसभर उभं राहून. मग चेहरा फुगला, जेवणावरची वासना गेली, जिना चढताना धाप लागायला लागली. तपासण्या झाल्या. डॉक्टर बोलत होते आणि मला त्यातला एकच शब्द ओळखीचा वाटत होता, कारण तो मी रोज अंगणात ऐकत होते. मी कुणाला काही सांगितलं नाही. मला प्रत्येक गोष्टीची भीती वाटते, सांगण्याचीसुद्धा. वाटलं, घरात आजारपण आहे म्हटल्यावर ताई दुसरी बाई बघतील. त्या दिवशी मी दोनदा मीठ घातलं. ताईंनी घास ठेवला आणि विचारलं, "काय झालं?" मग मला सांगावंच लागलं.

त्यांनी जेवता जेवताच फोन उचलला. डाव्या हाताने. उजव्या हाताला वरण लागलेलं होतं. बोलणं फार झालं नाही. "माझ्या घरातला माणूस आहे," एवढं मला ऐकू आलं. फोन ठेवून म्हणाल्या, "सोमवारपासून जायचं. काळजी नको करू." आणि पुन्हा जेवायला लागल्या.

सोमवारी हे मशीनवर गेले. मी बाहेरच्या बाकावर बसून देवाचं नाव घेत होते आणि मध्येच ताईंचं. कृतज्ञ होते म्हणणं कमी पडेल. मी ताईंच्या भाकरीवर तूप जास्त घालू लागले. त्यांच्या सुती साड्यांना स्वतः इस्त्री करू लागले. ज्या दिवशी हे जरा ताजेतवाने दिसायचे त्या दिवशी मी सांभारवडी करायची, ताईंना आवडते म्हणून. यांना स्वतःला खाण्याचे फार नियम होते. पाणी मोजून प्यायचं. आमच्या गावाकडचा माणूस, पाण्यात वाढलेला, तो दिवसभर एका तांब्याकडे बघत बसायचा. नारळपाणी बंद. संत्रं तर मुळीच नाही. आणि इथे तर या दिवसांत गल्लीगल्लीत संत्र्यांच्या गाड्या, कुणी पिशवी भरून दारात ठेवून जातं, साऱ्या घराला संत्र्याचा वास. हे एक संत्रं घ्यायचे, सावकाश सोलायचे, साल नाकाशी धरायचे आणि फोडी माझ्या हातावर ठेवायचे. "तू खा. मला वास पुरे." मी खायची. ती आंबटगोड फोड घशाखाली उतरवताना मला लाज वाटायची, कारण फोड चांगली लागायची.

पुढच्या खेपेला अंगणात पंचफुलाबाई भेटली तेव्हा मी स्वतःच तिला सांगितलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण आनंद पोटात राहत नव्हता.

"यांचं मशीन सुरू झालं."

"बाप्पा. कवा?" तिने माझे दोन्ही हात धरले. "बरं झालं वो बाई. लय बरं झालं. चेहरा उतरला होता तुया." मग तिने बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि म्हणाली, "सोमवारी का? सोमवारीच आमच्या मास्तराले बलावलं होतं. मंग फोन आला का नका येऊ, मशीन बिघडली."

 माझे हात तिच्याच हातात होते. सोमवारी मी दिवसभर तिथे होते, आणि एकही मशीन बंद पडलेलं मी पाहिलं नव्हतं.

तिला कळलं की नाही, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. ती माझ्याकडे बघत होती. मग तिने जे केलं ते मला सोसवलं नाही. माझ्या आईच्या वयाची बाई, तिने माझे हात सोडले, डोक्यावर पदर घेतला आणि माझ्या पायांकडे वाकली. "तू त घरातली हाय. ताईजवळ एक शबुद टाकजो माह्या मास्तराचा." तोच लहान झालेला आवाज, जो ती आत गेल्यावर काढायची. तो तिने माझ्यापुढे काढला. मी पाय मागे घेतले. तेव्हा मला समजलं की ताई पाय मागे घेतात तेव्हा त्यांना कसं वाटत असेल. तोवर मला तो त्यांचा मोठेपणा वाटायचा.

मी आत पळाले. दाराच्या आत, पायरीच्या वरच्या बाजूला, माझ्या आणि यांच्या चपला होत्या. भिंतीला लावून, नीट. बाहेरच्या रांगेतल्या सगळ्यात पहिल्या जोडीच्याही पुढे. आम्ही रांग मोडली नव्हती. रांग जिथे सुरू होते त्याच्या आतच आम्ही राहत होतो.

त्या आठवड्यात ताई भाषणाची तयारी करत होत्या. त्यांची रीत अशी की लिहून काढायचं नाही, बोलून बोलून पाठ करायचं, आणि तेही स्वयंपाकघरात, कारण बाहेर माणसं असतात. त्या कणकेच्या डब्याला टेकून उभ्या राहायच्या आणि माझ्याकडे बघून म्हणायच्या, "अध्यक्ष महोदय." पहिल्यांदा मी दचकून पदर सारखा केला होता. मग सवय झाली. कधी मीही म्हणायची, "बोला, सन्माननीय सदस्य," आणि त्या हसायच्या.

त्या दिवशी देवरावकाका पण आत होते. ताईंचं सगळं काम तेच बघतात. पत्रं, फोन, कुणाला आधी सोडायचं. दारात पाट घेऊन ते तुरीच्या शेंगा सोलत होते.

"अध्यक्ष महोदय," ताई म्हणाल्या, "माझ्या अंगणात रोज सकाळी चपलांची रांग लागते. लोक म्हणतात ही तुमची लोकप्रियता. मी म्हणते, ही माझी लाज आहे. गावातल्या हातपंपावर पाणी भरताना कुणी विचारत नाही तुझ्याकडे कोणतं कार्ड आहे. रस्त्यावरून चालताना आमदाराचं पत्र दाखवावं लागत नाही. मग दवाखान्याच्या दारातच का लागतं?"

"हातपंप बरोबर हाय," काका म्हणाले. "पण अर्धे बंद हायेत आपल्याकडचे. कोणी उठून विचारीन."

"विचारू दे. बंद आहेत तर सगळ्यांचेच बंद आहेत, म्हणून गाव ओरडतं. दवाखान्याचं तसं होत नाही. ज्याचा आवाज मोठा आहे त्याला मागच्या दाराने पाणी मिळतं. मग ओरडायला कोण उरतं?" त्या घोटभर पाणी प्यायल्या. "सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. मलासुद्धा. ज्या रांगेत आमदार उभा राहील ती रांग लवकर सुधारेल."

"अन् पैसा?"

"पैसा आत्ताही जातोच आहे, काका. घराघरातून जातो. बाईच्या गळ्यातून जातो. तोच आधी, सगळ्यांनी मिळून, थोडा थोडा भरायचा."

काकांनी शेंगेची साल बाजूला टाकली. "ताई, राग नका मानू. हे अंगण हाय म्हणून आपण हावो. माणूस रस्ता विसरते, नाली विसरते, पण माय वाचवली त्या फोनले विसरत नाई. उद्या कोणाले तुमच्या फोनची गरजच नाई राह्यली त तुमाले मत काऊन देतील?"

"नाही देणार कदाचित."

"मंग?"

ताईंनी डब्यावरचं पीठ बोटाने पुसलं. मी भाकरी थापत होते. मग त्या हळू आवाजात, भाषणात नाही, सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "काका, मी फोन करते तेव्हा तिथे मशीन वाढत नाही. मशीनं तेवढीच असतात. माझ्या फोनने फक्त एक माणूस पुढे येतो आणि एक मागे जातो. पुढे आलेला माझ्या पाया पडतो. मागे गेलेला कोण, ते मला कधीच कळत नाही."

माझ्या तव्यावरची भाकरी करपली. धूर झाला. काकांनी "अरे" म्हटलं. मी चिमटा शोधत होते आणि तो माझ्या हातातच होता.

"मला माहीत आहे," मी म्हणाले.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. गिरडच्या पंचफुलाबाईंचे मास्तर. सोमवारी त्यांना बोलावलं होतं, मग नका येऊ म्हणून फोन गेला. बोलताना मी ताईंकडे नाही, परातीकडे बघत होते. मला भीती वाटत होती की त्या म्हणतील, मग काय करू, तुझा नंबर परत देऊ का. आणि खरं सांगते, त्यांनी तसं विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं ते मला माहीत होतं. त्या वाक्यालाच मी घाबरत होते.

त्यांनी तसं विचारलं नाही. खूप वेळ फोन हातात धरून उभ्या राहिल्या. "आता तिच्यासाठी फोन केला," त्या म्हणाल्या, "तर आणखी कुणीतरी." वाक्य तिथेच सोडलं. मग फोन लावला. माझ्या यांच्यासाठी लावला तेव्हा त्या जेवत होत्या. या वेळी भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. पलीकडून काय सांगितलं ते मला कळलं नाही. "बघतो म्हणाले. जागा झाली की," एवढंच त्या म्हणाल्या. पदराने मान पुसली. थंडीचे दिवस होते.

भाषण झालं त्या दिवशी मी दवाखान्यात होते. हे मशीनवर, आणि मी यांच्या मोबाइलवर अधिवेशन लावून बसले होते. आवाज तुटत होता. मागची बाकं बरीचशी रिकामी दिसत होती. ताई हातपंपाचं बोलल्या, रस्त्याचं बोलल्या. चपलांचं बोलल्या तेव्हा कुणीतरी ओरडलं, "मग तुम्ही आमदार कशाला झालात?" हशा झाला. ताई थांबल्या, हशा संपू दिला, आणि म्हणाल्या, "एकदा तरी असं व्हावं म्हणून, की कुणीही बरं होऊन माझ्याकडे आभार मानायला येऊ नये." यांच्या नळ्यांमधून रक्त फिरत होतं. शेजारच्या खाटेवरचे म्हातारबुवा म्हणाले, "कोण बाई हाय? बरी बोलते." मी म्हणाले, "आमच्या ताई." माझा ऊर भरून आला, आणि त्याच श्वासात मी खाटा बघत होते. यातली एक मास्तरांची असायला हवी होती. ते कुठल्या खाटेवर असते, मला ठरवता येईना. शेवटी मी यांच्याच खाटेकडे बघत राहिले.

त्या भाषणाचा एक तुकडा मोबाइलवरून गावोगाव फिरला. फिरता फिरता त्याच्यावर कुणी लिहिलं, ताई सगळ्यांचा इलाज करून देणार. झालं. दुसऱ्या दिवसापासून अंगणात चपला मावेनात. फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, थेट कडुनिंबापर्यंत. मागचं दार काढून टाका म्हणून ताई सांगून आल्या होत्या आणि लोकांना वाटलं, दार मोठं झालं. काका हसून हसून बेजार. "घ्या. आता अंगण वाढवा." ताई हसल्या नाहीत. त्या पायरीवर उभ्या राहून त्या रांगेकडे बघत राहिल्या आणि मग आत येऊन मला म्हणाल्या, "चहा जास्त टाक."

चहा देताना मी सगळ्या चपला बघत गेले. निळ्या दोऱ्याची जोडी नव्हती. दुसऱ्या दिवशी नव्हती. मी स्वतःला सांगितलं, फोन लागला असेल, जागा मिळाली असेल, आता कशाला येईल ती. असं धरून चालणं मला सोयीचं होतं. अधिवेशन संपलं, संक्रांत झाली. एक दिवस देवरावकाका तिळाचा लाडू खात सहज म्हणाले, "ती गिरडची बाई होती ना वो, टेलरची. जागा झाली म्हणून मी फोन लावला त तिच्या शेजाऱ्यानं उचलला. मास्तर गेले म्हणे. अधिवेशन चालू होतं तवाच." आणि पाणी मागितलं.

मी पाणी दिलं.

त्यानंतर किती हिवाळे आले. बाभळींना कापूस अडकतो, गाड्यांवर संत्री येतात, हे सोललेली साल हुंगतात आणि फोडी मला देतात. मशीनं थोडी वाढली आहेत म्हणतात. ताई दर अधिवेशनात आरोग्यावर बोलतात. कुणी ऐकतं, कुणी ऐकत नाही. पण सकाळी अंगणात चपला असतातच आणि ताई फोन करतातच. "समोर बसलेल्या माणसाला मी नाही कशी म्हणू?" असं त्या एकदा मला म्हणाल्या होत्या. मला कुणी विचारलं की पुन्हा तसाच फोन करायची वेळ आली तर तू नको म्हणशील का, तर नाही म्हणणार. हे जिवंत आहेत. संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली की आतून हाक मारतात. मी ताईंच्या उपकारात आहे आणि राहीन. पण उपकार घेताना आपल्या हातात जे येतं ते आधी कुणाच्या हातात होतं, हे मला दिसलं, आणि ते दिसणं जात नाही.

परवाच्या त्या शेंगांच्या वाफेनंतर मी ठरवलं आणि काल गिरडला गेले. इतकी वर्षं का गेले नाही, याला भीतीशिवाय दुसरं उत्तर नाही. बस टेकडीच्या पायथ्याशी थांबली. वर दर्ग्याचा हिरवा झेंडा वाऱ्यावर होता. एकाला टेलर मास्तरांचं घर विचारलं. त्याने विहारामागची गल्ली दाखवली.

दार उघडंच होतं. आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. एक क्षण माझ्या काळजाने भलतीच आशा केली. मशीनवर पंचफुलाबाई होती, चष्मा लावून, कुणाच्या तरी पोराचा शाळेचा सदरा शिवत. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या बाजूला मास्तरांचा फोटो. मी मास्तरांना कधी पाहिलं नव्हतं. किरकोळ माणूस, गळ्यात टेप.

तिने चष्म्यावरून बघितलं. ओळखायला वेळ लागला नाही. "कोकणवाली," ती म्हणाली, आणि मशीन थांबवलं. "ये बाई. तुया माणूस कसा हाय?"

पहिलं तिने हेच विचारलं. मी म्हणाले, बरे आहेत. पुढे काय बोलायचं ते बसमध्ये ठरवून आले होते, त्यातलं एक अक्षर आठवेना. ती उठून चुलीकडे चहा ठेवायला गेली. "जेवते का नाई बरोबर? पाणी कमी प्याले सांगजो. मास्तर आयकत नव्हता. चोरून प्यायचा."

"बाई," मी म्हणाले. "त्या सोमवारी..."

"माहीत हाय मले," ती पाठमोरीच म्हणाली. साखरेचा डबा उघडला, बंद केला. "तवाच माहीत होतं. तुले सांगून काय केलं असतं? तू त रडली असती नुसती." मग वळली आणि माझ्या पायांकडे बघितलं. मी उंबऱ्याच्या आत होते, चपला बाहेर पायरीखाली काढल्या होत्या.

"त्या आत आण," ती म्हणाली. "कुत्रं नेते इथं."

मी उंबऱ्यात उभी होते. हात पुढे केला असता तर चपला हाताला लागल्या असत्या.

"राहू दे बाई," मी म्हणाले. "बाहेरच बऱ्या आहेत."